चौथा तुकडा

मंगळवारी सकाळी उत्तरेश्वरचं आतडं माझ्या हातात होतं, तेव्हा ते उत्तरेश्वरचं आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. डबा उघडण्याआधी नाव, वय, नंबर तीनदा वाचायचे, हे नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी मीच सांगते, आणि विसरले तर मीच त्यांना सगळ्यांसमोर झापते. पण भाग्यश्री, आमची नवी डॉक्टर, मोठ्यानं वाचत होती आणि मी नुसतं हं हं करत होते. डोकं अजून विश्रांतवाडीच्या चौकातच अडकलं होतं. तिथे एका रिक्षावाल्यानं माझ्या गाडीचा आरसा मोडून वर मलाच विचारलं होतं, "मॅडम, लायसन दिलं कुणी तुम्हाला?" मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशंट ज्याचं तोंड कधी पाहत नाही तो डॉक्टर. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग आमच्या टेबलावर येतो, आम्ही तो चाचपतो, कापतो, त्याचे पातळ काप काचेवर चढवून मायक्रोस्कोपखाली बघतो आणि काय आहे ते लिहून देतो. लिहिलं की आमचं काम संपलं. चोवीस वर्षं मी असं लिहून देते आहे. त्या सकाळी बोटांना आधी गाठ लागली, मग गाठीपलीकडची कड लागली, आणि मी म्हणाले, "ह्यानं तर आजूबाजूचं सगळंच ओढून घेतलंय." तेव्हा भाग्यश्रीनं कागद टेबलावर ठेवताना पुन्हा एकदा नाव उच्चारलं. उत्तरेश्वर, वय एक्केचाळीस, वारजे. असं नाव पुण्यात रोज कानावर पडत नाही. माझी सुरी थांबली.

आमच्या विभागात पेशंट येत नाहीत. तळमजल्यावर, लाँड्रीच्या पलीकडे आम्ही असतो, आणि चुकून कुणी आलंच तर वास घेऊनच परत फिरतं. जूनमध्ये हा माणूस मात्र विचारत विचारत आला होता. अंगात कुरिअर कंपनीचा निळा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. "रिपोर्ट चांगला आला, मॅडम. वरचे डॉक्टर म्हणाले रिपोर्ट खाली लिहितेत. म्हणलं, ज्यांनी लिहिला त्यांचं तोंड गोड करावं." चोवीस वर्षांत मला कुणी पेढा दिला नव्हता. वाईट रिपोर्टला कोण देणार, आणि चांगला आला की लोकांना वाटतं तो आपल्या नशिबानं आला. लॅबमध्ये खायला बंदी म्हणून मी तो पेढा कॉरिडॉरमध्ये उभ्यानं खाल्ला. त्यानं नाव सांगितलं, केजकडचा असल्याचं सांगितलं, संध्याकाळच्या गाडीनं वडिलांच्या वर्षश्राद्धाला निघालोय म्हणाला. मी म्हणाले, "जपून जा." त्या दिवशी घरी जाताना मी खूश होते, हे मला आता चांगलंच आठवत होतं आणि आठवायला नको होतं. हातातलं आतडं फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या औषधात, राहून थंड आणि राखाडी झालेलं. गाठ मनगटाएवढी. तिच्याभोवती बोटभर जागा अशी, की डोळ्यांना चांगली दिसते आणि बोटांना टणक लागते.

विद्यार्थ्यांना हा भाग मी दरवर्षी शिकवते. कॅन्सरच्या पेशी ओळखायला सोप्या असतात, असं मी त्यांना सांगते, काळ्याभोर, बेशिस्त, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. त्यांच्याकडे कुणीही बोट दाखवेल. तुम्ही शेजार पाहा. मोठ्या आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या कॅन्सरच्या पेशीला एकटीला काही करता येत नाही. तिच्या आसपास साध्या, कष्टाळू पेशी असतात, जखम झाली की धागे विणून ती बुजवणाऱ्या. ही त्यांच्याकडे रसायनं सोडते आणि त्यांना वाटतं इथे जखम आहे. त्या विणायला लागतात. विणता विणता त्या स्वतःच बदलतात, लांबट होतात, आखडतात, थांबायचं विसरतात, आणि त्यांच्या धाग्यांची एक कडक भिंत गाठीभोवती उभी राहते. बोटांना लागतो तो टणकपणा बराचसा त्यांचाच. त्याच धाग्यांच्या वाटेनं गाठ पुढे सरकते. हाकलायला आलेल्या पांढऱ्या पेशी थोड्या दिवसांनी तिथेच बसकण मारतात, काही तर तिच्या कामाला जुंपल्या जातात. कडेच्या ग्रंथींमध्ये कॅन्सरचा अंशही नसतो, तरी त्या लांबतात आणि वाकड्या होतात. ह्यातल्या कुणावर बाहेरून जबरदस्ती झालेली नसते, प्रत्येकजण आपापलं नेहमीचं चांगलं कामच करत असतो. हे वाक्य मी दरवर्षी जरा थांबून म्हणते, आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात.

मोठ्या ऑपरेशनचा कॅन्सर आला, की त्या पेशंटची जुनी स्लाइड काढून शेजारी ठेवायची, ही आमच्याकडची पद्धत मीच पाडली. पूर्वी कुणी काढत नसे. मी आले, आरडाओरडा केला, लोकांना शिस्त लावली आणि त्याबद्दल नावंही ठेवून घेतली. त्यामुळे दुपारी दोन वाजता भाग्यश्रीनं न सांगता जूनची स्लाइड आणि तिच्याबरोबरचा कामाचा कागद माझ्या डाव्या हाताशी आणून ठेवला. दुर्बिणीनं घेतलेले चार छोटे तुकडे, तांदळाच्या कणीएवढे. पहिले तीन नुसते सुजलेले. चौथ्याच्या एका कोपऱ्यात, अगदी काठाला, ती भिंत होती. लांबट, आखडलेल्या पेशी, फिकट धागे, आणि त्यांच्यात एकही कॅन्सरची पेशी नाही. घर नाही, पण कुंपण आहे. अशा वेळी कुंपणाआड काय आहे ते बघायचं असतं. मेणात बसवलेला तो तुकडा पुन्हा यंत्रावर चढवायचा, आणखी खोल काप घ्यायचे, पुन्हा बघायचं. एक दिवसाचं काम. कागदावर माझ्याच अक्षरात, माझ्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "चौथा तुकडा, खोल काप." आणि त्यावर माझ्याच पेन्सिलीची आडवी रेघ होती.

ती रेघ मारल्याचं मला आठवत नव्हतं, असं मी पहिली पाच मिनिटं स्वतःला सांगितलं. मग आठवलं. शनिवार होता, साडेबारा वाजले होते, वरून फोन आला होता, "शर्मिला मॅडम, तो वारज्याचा पेशंट संध्याकाळी गावी चाललाय, रिपोर्ट देताय का? का सोमवारवर ढकलू?" सोमवारवर ढकलू, ह्या शब्दांत काहीतरी होतं. आमचा विभाग उशीर करतो, हे वरच्या मजल्यावरच्यांचं आवडतं गाऱ्हाणं. मी म्हणाले, "पंधरा मिनिटांत पाठवते." एवढंच झालं होतं. आळस नव्हता, दुर्लक्ष नव्हतं. मला शंका आली होती, मी ती लिहिली होती आणि मग खोडली होती. शंका न येणं ही चूक असते. आलेली शंका खोडणं ह्याला मला त्या दुपारी शब्द सापडेना. भाग्यश्री माझ्या खांद्यामागे उभी होती. तिनंही तो कागद पाहिला होता. ती हुशार आहे, कोल्हापूरला पहिला नंबर काढून इथे आलेली. ती म्हणाली, "मॅडम, चहा सांगू?" मी म्हणाले, "सांग."

बुधवारी सकाळी टेबलावर दुसराच कागद होता. तोच नंबर, तेच नाव, चार तुकड्यांची तीच मापं, पण अक्षर भाग्यश्रीचं, स्वच्छ, गोल. चौथ्या तुकड्यापुढे काही नाही. "जुना कागद मळला होता, मॅडम. फेअर केला." तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी डोळ्यांनीसुद्धा सांगितलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं, पण ज्या माणसाच्या हाताखाली आपण शिकतो त्याच्या पाठीकडे बघूनही त्याला काय हवंय ते कळतं. मला तिला झापायला हवं होतं. "जुना कुठाय?" एवढंच मी विचारलं. "आहे माझ्याकडे," ती म्हणाली, आणि मी पुढचं विचारलं नाही. अळीमिळी गुपचिळी. दहा वाजता कचरूभाऊ आले. आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, मेणाच्या ब्लॉकचे पातळ काप काढण्यात त्यांचा हात धरणारा पुण्यात कुणी नाही असं मी मानते. आमच्याच वस्तीतले, माझ्या वडिलांना भाऊ म्हणणारे. जूनची स्लाइड आणि तो कागद भाग्यश्रीला त्यांनीच काढून दिला होता. ते दार लोटून घेऊन म्हणाले, "जूनचा तो ब्लॉक सापडत नाही, मॅडम."

"सापडत नाही म्हणजे? तुमच्याकडून ब्लॉक हरवलाय कधी?"

"आता हरवला. माझी दोन वर्षं राहिलीत. माझं काय वाकडं होणार?" मग आवाज बदलून, लॅबमध्ये कधी म्हणत नाहीत ते म्हणाले, "ताई, तुमच्या खुर्चीकडं बघून आपल्याकडच्या किती पोरी डॉक्टर व्हायचं म्हणतात, मला रोज दिसतं ते. त्या खुर्चीला मी काही होऊ देणार नाही."

मला रडू आलं. रागानं की मायेनं, ते आजही सांगता येणार नाही. माझे वडील खडकीच्या कारखान्यात कामगार. मी एमडी झाले तेव्हा विहारासमोर माझ्या नावाचा फलक लागला होता आणि बाबा रोज कामावर जाताना सायकल थांबवून तो वाचायचे, पाठ झाला तरी वाचायचे. आमच्यातल्या एकाची चूक त्याची एकट्याची राहत नाही, हे मी शाळेतच शिकले. दुसऱ्याचं चुकलं तर त्याचं लक्ष नव्हतं. माझं चुकलं तर लोक एकमेकांकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणं मला चांगलं ऐकू येतं. म्हणून तर मी इतकी कडक झाले, इतकी वेळेवर झाले, आणि म्हणूनच त्या शनिवारी "सोमवारवर ढकलू का" हे मला सोसलं नाही. हे मी कारण म्हणून सांगते आहे, माफी म्हणून नाही. कचरूभाऊंना मी म्हणाले, "बघते." ते समाधानानं गेले. माणूस बघते म्हणतो तेव्हा त्यानं बहुधा ठरवलेलं असतं.

अनिरुद्ध सरांकडे मी स्वतःहून गेले, तेवढं तरी केलं. सर विभागप्रमुख, शनिवार पेठेतले, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. एप्रिलपासून त्यांची खुर्ची माझ्याकडे येणार होती. त्यांनी स्लाइड पाहिली, रिपोर्ट पाहिला, चष्मा कपाळावर चढवला. "आपण काय लिहिलं होतं? 'तपासलेल्या कापांमध्ये कॅन्सर आढळला नाही.' तपासलेल्या कापांमध्ये होता का?" मी म्हणाले, नव्हता. "मग वाक्य बरोबर आहे. बरोबर वाक्यं दुरुस्त करायची पद्धत आमच्या पेठेत तरी नाही." मी म्हणाले, "सर, खोल काप घेतले असते तर..." "घेतले नाहीत. न घेतलेल्या कापांवर मत द्यायला आपण ज्योतिषी आहोत का? एप्रिलमध्ये हार घालून घ्यायचा की नोटीस, ते ठरवा आणि मला जेवू द्या." ते माणूस म्हणून वाईट नाहीत. माझ्या नेमणुकीच्या वेळी मुलाखतीत एकानं आडून काहीतरी विचारलं होतं, तेव्हा सरांनी त्याला दोन वाक्यांत असा झोपवला होता की तो पुन्हा तोंड उघडून बोलला नाही. आता त्याच दोन वाक्यांनी ते मला झाकत होते. मी जिन्यात उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की दोन दिवसांत मी कुणालाही काही मागितलं नव्हतं आणि तीन चांगली माणसं माझ्याभोवती उभी राहिली होती. मला जरा बरंही वाटत होतं. ते बरं वाटणं मला ओळखीचं होतं.

विश्वजीत, माझा नवरा, अकरा वर्षं प्यायचा. त्याबद्दल लोकांना वाटतं की घरात भांडणं झाली असतील, मारहाण झाली असेल. तसलं काही झालं नाही. झालं ते असं, की मी जाड पडदे घेतले. सासूबाई, ज्या आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या, त्या फोनवर सहज म्हणू लागल्या, "त्याला जरा कणकण आहे." मुलगी मैत्रिणींना घरी येऊ द्यायची नाही आणि कारण म्हणून सांगायची की आमचा कुत्रा चावतो. आमच्याकडे कुत्रा नव्हता. एकदा तिच्या शाळेत एक बाई मला म्हणाल्या, "तुमचा ब्रूनो बरा आहे का आता?" आणि मी एका क्षणात म्हणाले, "हो, इंजेक्शन दिलंय." घरी येऊन आम्ही दोघी हसलो होतो, पोट धरून हसलो होतो, आणि मग ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आलीच नाही. दहा वर्षांची होती. प्यायचा तो एकटा; आम्ही तिघी थेंबाला न शिवता बदललो. नऊ वर्षं झाली, त्यानं सोडली ती सोडली. पडदे मात्र तेच आहेत, आणि मुलगी बंगळूरहून यायच्या आधी अजून फोन करून विचारते, "सगळं ठीक ना?", आणि मी काही विचारायच्या आत हो म्हणून टाकते. गाठ काढता येते. शेजार पूर्वीचा होतो का, ते आमच्या रिपोर्टात लिहायची जागा नसते.

गुरुवारी सकाळी चहा घेताना विश्वजीतनं विचारलं, "काय झालंय?" मी म्हणाले, "काही नाही." त्यानं कप खाली ठेवला. "हे 'काही नाही' मी अकरा वर्षं ऐकलंय, शर्मिला. तेव्हा ते माझ्यासाठी होतं. आता कुणासाठी आहे?" मी चिडले. त्याला काय अधिकार आहे, असं मला वाटलं, आणि त्यालाच तो सगळ्यात जास्त आहे हेही लगेच वाटलं. मी पर्स उचलून निघाले. रस्ताभर मी त्याच्याशी मनात भांडत होते, त्याचे सगळे जुने शनिवार काढून त्याच्यासमोर मांडत होते, आणि प्रत्येक वेळी मध्येच माझा स्वतःचा शनिवार येत होता.

त्या दुपारी रिपोर्टच्या खिडकीपाशी एक बाई मला थांबवून म्हणाली, "तुम्हीच का खालच्या मॅडम?" पस्तीस-छत्तीसची, बारीक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात स्टीलची बरणी. "मी मुक्ताई. उत्तरेश्वरची मालकीण. ह्यांनी तुमाला पेढे दिलते." मी तिला बाजूच्या बाकावर बसवलं. तिला एकच विचारायचं होतं. "जूनमधी काहीच नव्हतं ना, मॅडम?"

मी तिच्या हातातल्या बरणीकडे बघितलं. तिला ते उत्तर वाटलं.

"तेच म्हणतेय मी. जूनमधी नव्हतं. म्हणजे जे झालं ते त्याच्या नंतरच झालं. आन नंतर काय केलं आमी? जुलैत मी डबे चालू केले, आयटीतल्या पोरांचे. पोरांना तेल लागतंय, मसाला लागतोय. राहिलेलं टाकवत नाही, ते ह्यांच्या ताटात. रोज, सहा महिने. आत्याबाई म्हणतेत," आत्याबाई म्हणजे तिची सासू, "पोराच्या पोटात तूच घातलंस. मी आधी भांडले त्यांच्याशी. मग मीच हिशोब लावून बघितला, तर तसंच येतंय ना, मॅडम? डबे बंद केले. आता घरात सगळंच अळणी. पोरगी ताटावर रडती, तरी घालत नाही. मी पण तिखट सोडलं. ह्यांच्याजवळ बसले की मला वाटतंय, हे बघतेत माझ्याकडं."

तिचा विचार बिनचूक होता. माझ्या रिपोर्टावर विश्वास ठेवला तर दुसरं काही निघतच नव्हतं. मी एक खोटं वाक्यसुद्धा लिहिलं नव्हतं, सरांनी दाखवून दिलं होतं तसं, आणि त्या बरोबर वाक्याच्या कडेला एका बाईचा धंदा बंद पडला होता, एक पोरगी अळणी जेवत होती, आणि नवऱ्याच्या उशाशी बसताना बायकोची मान खाली जात होती. मी म्हणाले, "खाण्यानं असं इतक्या लवकर होत नाही." ती लगेच म्हणाली, "मग कशानं झालं?" मी घड्याळ पाहिलं. "सर्जन सांगतील," असं म्हणून मी उठले. जिना उतरताना माझ्या तोंडात फॉर्मॅलिनची चव आली होती. असं कधी होत नाही. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आल्याचं आठवत नाही.

मी तशीच कचरूभाऊंच्या खोलीत गेले. ते मेणाच्या फिती कोमट पाण्यावर सोडत होते. मी म्हणाले, "ब्लॉक द्या."

"हरवलाय, मॅडम."

"कचरूभाऊ, त्या माणसाच्या बायकोनं स्वतःला दोषी धरलंय. त्याला खाऊ घातलं म्हणून."

त्यांनी पाण्यावरची फीत काचेवर उचलून घेतली. मग हात पुसले, आपलं कपाट उघडलं, जेवणाच्या डब्यामागून रुमालात गुंडाळलेला ब्लॉक काढला. "मी कापणार नाही," म्हणाले, आणि थोड्या वेळानं स्वतःच यंत्रापाशी बसले, कारण तो दुसऱ्या कुणाच्या हातून कापला गेलेला त्यांना चालला नसता. चाक फिरू लागलं. एकेक काप केसाहून पातळ, मेणाची फीत लांबत पुढे येत होती. ते एकदाही माझ्याकडे बघत नव्हते. मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, नसू दे, काही नसू दे, आणि त्याच वेळी हेही जाणत होते, की नसलं तर माझी सुटका आहे, मुक्ताईची नाही. तिला मग कोण काय सांगणार होतं? मी तिच्यासाठी असायला हवं म्हणत होते की माझ्यासाठी नसायला हवं म्हणत होते, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. शुक्रवारी सकाळी स्लाइड रंगून आल्या. पाचव्या कापात, कुंपणाच्या बरोब्बर मागे, दोन ग्रंथी होत्या. काळ्याभोर, बेशिस्त. कुणीही बोट दाखवलं असतं.

ती स्लाइड घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी खूप वेळ पाहिलं, फिरवून फिरवून पाहिलं. "हं," म्हणाले. "आता वाक्य चुकीचं झालं." दुरुस्त रिपोर्ट मी त्यांच्यासमोरच लिहिला, खोडलेल्या सूचनेसकट. जुना कागद भाग्यश्रीनं पुस्तकातून काढून आणला, चेहरा लाल करून, आणि मी तिला काहीच बोलले नाही. तिनं जे केलं होतं ते तिनं माझ्या पाठीकडून उचललेलं होतं. सर म्हणाले, "सर्जनला मी सांगतो. घरच्यांना काय आणि कसं सांगायचं ते व्यवस्थापन ठरवेल, वकील ठरवतील. आपण तूर्त वर जाऊ नका. हे मी मित्र म्हणून सांगतोय." ते खरंच मित्र म्हणून सांगत होते. मोठ्या ऑपरेशनचा रिपोर्टही त्याच दिवशी पुरा झाला. आतड्यालगतच्या सोळा लसिकाग्रंथींपैकी पाचांत कॅन्सर पोचलेला होता.

शनिवारी अकरा वाजता मी चौथ्या मजल्यावर गेले. वॉर्डबाहेर एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांची रांग होती, तिथे मुक्ताई बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि वाट न पाहता सांगितलं, कारण वाट पाहिली असती तर बोललेच नसते. "मुक्ताई, जूनमध्येही होतं. मला शंका आली होती. मी पुढे तपासायला हवं होतं, तपासलं नाही. काल पुन्हा काढून बघितलं. तेव्हाही होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "डबे चालू करायच्या आधीच?"

"आधीच. त्याच्याही खूप आधीपासून."

"म्हणजे माझ्या हातानं नाही?"

"नाही. तुमच्या हातानं काहीही झालेलं नाही."

तिनं पदर तोंडात धरला आणि ती हमसून हमसून रडली. मग माझे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाली, "देवावानी आलात, मॅडम. लई उपकार झाले." मला तिथून पळून जावंसं वाटलं. पळाले असते तर तिनं मला जन्मभर दुवा दिला असता. मी म्हणाले, "मुक्ताई, मी काय म्हणाले ते ऐकलंत ना? चूक माझी आहे." "ऐकलं, ऐकलं," ती डोळे पुसत म्हणाली, आणि एका हातानं मोबाइल काढून नंबर लावला. "आत्याबाई, ह्या मोठ्या मॅडम काय म्हणतेत बघा जरा." मोबाइल तिनं माझ्या हातात दिला. "बोला, मॅडम. माझं नाही ऐकायच्या त्या."

तर मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, केजजवळच्या एका म्हातारीला, जिचा चेहराही मी पाहिला नव्हता. सुनेच्या जेवणानं झालेलं नाही. आधीपासून होतं. तपासणी माझ्याकडे होती. मला दिसायला हवं होतं, मी पुरतं पाहिलं नाही. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. म्हातारी मध्ये एकदाच "बरं" म्हणाली. मग तिनं विचारलं, "बाई, तवाच तुमी नीट बघितलं असतं, तर माझं पोरगं बरं झालं असतं का?"

मुक्ताईला प्रश्न ऐकू गेला नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, अजून ओल्या, मोकळ्या झालेल्या डोळ्यांनी.

"हो," मी म्हणाले. "तेव्हा कळलं असतं तर बरे व्हायची आशा खूप जास्त होती. आता कमी आहे."

मुक्ताईनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. तो कानाला लावला नाही, बंदही केला नाही, तसाच मुठीत धरून ती उठली आणि आमच्यामधली एक खुर्ची रिकामी सोडून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. वॉर्डच्या दारातून नर्सनं हाक मारली, "उत्तरेश्वरचे नातेवाईक कोण आहे?" आम्ही दोघी एकदमच उठलो. मग मी खाली बसले.